झाडे मे महिन्यात मोजा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शिक्षण विभागास खुले पत्र

माननीय शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या पट्ट्यात केळी नि कापूस, असा आमचा मुलूख. पाऊस उघडल्यावर शाळेच्या ओट्यावरून डोंगराच्या घड्यासुद्धा मोजता येतात. हे म्हणणे मी अर्ज करून आपल्या कार्यालयात देऊ शकले असते. उघड लिहिते आहे, कारण मागणे एकट्या माझ्या शाळेसाठी नाही, आणि ते गावातल्या आईबापांनी, सरपंचांनी, इतर शाळांतल्या माझ्या सोबत्यांनीही वाचावे असे वाटते.

काही वर्षांपूर्वीच्या एका ऑगस्टमध्ये तिसरीच्या वर्गात प्रकट वाचन चालू होते. खिडकीतून वाऱ्याबरोबर फवारणीचा वास आला. एका मुलाने पुस्तकातून मान वर केली, नाक ओढले आणि कोणते औषध मारत आहेत त्याचे नाव सांगितले. वर हेही सांगितले की ते बोंडअळीसाठी असते आणि पंपाला किती झाकणे टाकतात. मधल्या सुट्टीत मी बांधावर जाऊन विचारून आले. तो चुकला नव्हता. त्याच खिडकीसमोरच्या तारेवर एक कोतवाल बसला होता, दुभंगलेल्या शेपटीचा, काळाकुळकुळीत. मी वर्गाला विचारले, हा कोण? "पक्षी." कोणता पक्षी? "काळा."

कापसाच्या वावरात अळ्या आणि पतंग टिपायला जे पाखरू दिवसभर राबते, ज्याला बसायला मिळावे म्हणून कृषी विभाग वावरात पक्षीथांबे रोवायला सांगतो, त्याचे नाव कापूस पिकवणाऱ्यांच्या मुलांना माहीत नव्हते. विषाचे नाव मात्र वासावरून येत होते. आणि विषाला आपण गावात 'औषध' म्हणतो, तेही त्यांनी आपल्याकडूनच उचललेले. दोष मी मुलांना देत नाही. तोवर मी एकोणीस वर्षे 'आपल्या परिसरातील पक्षी' हा भाग भिंतीवरच्या तक्त्यावरून शिकवत आले होते. खिडकी डावीकडे होती आणि तक्ता उजवीकडे.

कागदावर आपल्याकडे कमी काही नाही. पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ साली घटनेत आले. हा विषय शाळांत सक्तीने शिकवा असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले आणि २००३ मध्ये पुन्हा बजावले. परिसर अभ्यास हा आपला विषय आहे, त्याचे नावच किती नेमके आहे. तिसरीत आपल्याच जिल्ह्याचा भूगोल शिकवायचा ही तर आपल्या राज्याची जुनी, शहाणी रीत. कमी आहे ती एका गोष्टीची: मुलांना घेऊन परिसरात जाण्याची सोय. वेळापत्रकात तिला तास नाही आणि तपासणीत तिला जागा नाही. गेलेच, तर सुरक्षिततेच्या नावाने मनात धास्ती घेऊन जावे लागते.

आधी वृक्षारोपणाविषयी बोलते, कारण पर्यावरण म्हटले की आपल्या पत्रांमध्ये तेवढेच असते.

आमच्या शाळेच्या पूर्वेच्या कुंपणालगत एक खड्डा आहे. त्यात सलग चार पावसाळ्यांत चार रोपे लागली. चारही वेळा मी हजर होते, दोनदा कुदळ माझ्याच हातात होती. पाहुणे येत, नारळ फुटे, मुले "झाडे लावा, झाडे जगवा" म्हणत, फोटो निघे आणि संध्याकाळच्या आत वर जाई. दिवाळीपर्यंत रोप तग धरी. होळीनंतर पाने गळत आणि मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, शाळेला कुलूप असताना ते वाळून जाई. शाळा उघडली की काडी उपटायची आणि त्याच भुसभुशीत मातीत नवे लावायचे. पाचव्या वर्षी एका लहान मुलीने कुंपणापाशी उभे राहून विचारले, "बाई, ते झाड कथं गयं?" मला उत्तर देता आले नाही. तिने ते झाड लावताना पाहिले होते, टाळ्या वाजवल्या होत्या. आम्ही तिला नकळत हे शिकवले होते की झाड म्हणजे पाहुणे येतात त्या दिवशी लावायची वस्तू.

२०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचा संकल्प केला होता. त्यात आमच्या शाळेनेही भाग घेतला, उत्साहाने घेतला. संकल्प मोठा असायलाच हवा. पण माझ्या हातून जी प्रपत्रे भरली गेली त्यांत सगळा भर किती लावली यावर होता, आणि ती सगळी पावसाळ्यात भरायची होती. पावसाळ्यात खान्देशात काठीसुद्धा हिरवी दिसते. आपल्याकडे झाड मोजायचा महिना मे आहे. जे मेमध्ये उभे आहे ते झाड.

आणखी एक. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो, १९७३ पासून जगभर पाळला जातो. त्या दिवशी आमच्या शाळा बंद असतात. मग शाळा उघडल्यावर मागल्या तारखेचा कार्यक्रम होतो. मला वाटते आपल्या मुलांना आपले दिवस पुरे आहेत. मृगाचा पहिला पाऊस, पोळा, अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. यांतला प्रत्येक दिवस माती, गुरे किंवा पाणी यांच्याशी बांधलेला आहे आणि घरात तो पाळला जातोच.

अखाजीनेच आमची झाडे वाचवली, ते सांगते.

खड्ड्याच्या त्या प्रश्नानंतर आम्ही ठरवले की नवीन लागवड थोडी करायची, बाराच रोपे, पण पाणी आधी शोधायचे. पाणी शाळेतच सापडले. पोषण आहाराच्या वेळी ५४ मुले जेवणाआधी हात धुतात, नंतर हात आणि ताट धुतात. चौथीच्या मुलांनी मापट्याने मोजले, एका मुलामागे साधारण दीड लिटर होते. ५४ गुणिले दीड, ८१ लिटर. रोज ८१ लिटर पाणी नळाखालून वाहत फाटकाशी चिखल करत होते. दीडाने गुणणे मी तीन वर्षे शिकवत होते, पण उत्तर आल्यावर मुले उठून उभी राहिलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. वडीलधाऱ्यांनी एका रविवारी नाली खोदून दिली. साबणाचे पाणी म्हणून ते आधी कर्दळी आणि अळूच्या वाफ्यातून घेतले आणि तिथून झाडांच्या ओळीला.

पण मे महिन्यात ना पोषण आहार, ना मुले. तेव्हा चौथीतल्या एका मुलीच्या आजीने वाट दाखवली. अखाजीला घरोघर पितरांच्या नावाने नवी घागर भरतात. मागच्या वर्षीचे मडके तेव्हा रिकामे होते, फुटायला कोपऱ्यात पडते. अशी मडकी मुलांनी गोळा केली. बुडाला बारीक भोक, त्यात कापसाची वात, आणि रोपाशेजारी मानेपर्यंत पुरलेले मडके. वर झाकण, म्हणजे उन्हाने पाणी उडत नाही आणि डासही होत नाहीत. एकदा भरले की मुळांशी ओल काही दिवस टिकते. शाळेजवळच्या सहा घरांनी सुट्टीत मडकी भरण्याची पाळी लावून घेतली. पुढच्या जूनला बारांपैकी सात रोपे उभी होती. सात हा आकडा कोणत्याही अहवालात शोभणार नाही. आम्हाला तो फार मोठा होता.

रोपांच्या निवडीविषयीही सांगायचे आहे. मिळतात ती बहुधा गुलमोहराची. गुलमोहर मादागास्करहून आलेला. मेच्या उन्हात त्याचा रंग पाहिला की मलाही बरे वाटते. पण शाळेला निवड विचारली गेली तर आम्ही कडुलिंब, करंज, बोर आणि उंबर मागू. एकटा उंबर जितकी पाखरे शाळेच्या दारी आणतो तितकी कोणताही तक्ता आणत नाही.

उंबराचीच एक गोष्ट. भाषेच्या तासाला 'उंबराचे फूल' हा वाक्प्रचार आला. क्वचित दिसणारा माणूस, हा अर्थ मी लिहून दिला आणि पुढे गेले असते. पण नाल्यावर उंबर होता, शनिवार होता, आम्ही गेलो. मुलांनी कोवळी उंबरे उभी चिरली. आत, भिंतीला लागून, शेकडो इवलीशी फुले. एका पिकलेल्यातून बारीक माश्याही बाहेर आल्या. "बाई, फुलं मझार शेतस!" फुले आत आहेत! उंबराला फूल येत नाही असे नाही. ते फळ म्हणून आपण जे पाहतो त्याच्या आतच फुलते, आणि ती बारीक माशी आत शिरून परागीभवन करते. माशी नसेल तर बी नाही, आणि त्या माशीला वाढायला उंबराशिवाय दुसरी जागा नाही. चौथीच्या मुलांना मी परस्परावलंबन हा शब्द सांगितला नाही. एका मुलाने स्वतःच म्हटले, म्हणजे दोघांचे घर एकच.

पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागतात. मुले ते वर्षानुवर्षे पाहत होती. आम्ही पाच शनिवार तेच झाड पाहिले. विणणारा पिवळ्या डोक्याचा पक्षी नर आहे, हे कळल्यावर वर्गात मोठा वाद झाला, कारण सुगरण म्हणजे बाईच. नर अर्धा खोपा विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडला तरच पुढचे काम होते. नापसंत खोपे तसेच लटकत राहतात. वाऱ्याने पडलेला एक खोपा आम्ही उलगडला, तर आत चिखलाचे गोळे लावलेले. ते का, यावर मुलांनी चार कारणे सुचवली. चारही मी फळ्यावर लिहिली आणि बरोबर उत्तर सांगितले नाही, कारण मला ते खात्रीने ठाऊक नव्हते. शिक्षिकेला एखादी गोष्ट येत नाही, हे मुलांनी पाहिले आणि काही बिघडले नाही. उलट पुढच्या शनिवारी सगळी वेळेआधी हजर होती.

मग विहिरीची दोरी. एका शेतकऱ्याने आपल्या विहिरीवर येऊ दिले, कठडा असलेली विहीर. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मोठी माणसे दोरीला दगड बांधून सोडतात, मुले लांबून हातांनी मोजतात आणि वर्गातल्या कागदावर तितकी लांब रेघ ओढतात. सप्टेंबरची रेघ आखूड, मार्चची कागदाबाहेर गेलेली. नंतर त्यांनी घरी जाऊन आजोबांना विचारले, तुमच्या वेळी किती हातांवर पाणी होते? कुणाच्या आजोबांनी मोट चालवली होती, कुणी पोहायला त्याच विहिरीत शिकले होते. आता त्याच वावरात बोअर शेकडो फूट खाली जाते आणि दर दोन वर्षांनी आणखी पाइप जोडतात. केळीला पाणी लागते, केळीवर आमची घरे चालतात. हे सगळे त्या कागदावर शेजारी शेजारी आले. मी कुणाला बोधवाक्य सांगितले नाही.

कारण एक गोष्ट मला ठामपणे वाटते. मुलांच्या डोक्यावर आपले ओझे द्यायचे नाही. प्रभातफेरीत त्यांच्याकडून गावाला उपदेश करवायचा, घरी जाऊन बापाला फवारणीवरून टोकायला सांगायचे, हे मला पटत नाही. बापावर कर्ज असते, बोंडअळी खरी असते, आणि आठ वर्षांचे मूल त्यात भरडले जाते. एकदा नदीवर मुले म्हणाली, मागच्या वर्षी इथे रेती होती, ती कुठे गेली? रेती ज्या ट्रॅक्टरांतून गेली त्यांतले काही त्यांच्याच घरचे होते. मी म्हटले, गेली, आणि त्यामुळे काय बदलले ते आपण पाहू. मग आम्ही उघडा पडलेला चिकणमातीचा थर पाहिला, पाणी मुरायच्या ऐवजी डबक्यात साचलेले पाहिले. एवढेच. निवाडा त्यांनी मोठे झाल्यावर करावा. आज त्यांनी नीट पाहायला शिकावे आणि पाहिलेल्याशी त्यांचे नाते जुळावे, एवढे प्राथमिक शाळेचे काम आहे.

नात्यावरून आठवले. माझ्या वर्गात एक पावरा आदिवासी मुलगी आहे. वडील गावात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतमजूर, आहेत, अखाजीला साल ठरते, तसे कुटुंब गाव बदलते. आमच्याकडे आल्यापासून तिने वर्गात तोंड उघडले नव्हते. प्रमाण मराठी तिची नाही, अहिराणीही नाही. मी वहीत तिच्या नावापुढे 'प्रतिसाद कमी' लिहिले होते. जुलैत बांधावर गेलो तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे होती. तरोटा, घोळ, कर्टुल्याचा वेल, पुढे आणखी दोन रानभाज्या, ज्यांची मराठी नावे मला आजही माहीत नाहीत, तिने भराभर दाखवल्या. कोणते पान कोवळे असेतोवरच खायचे, तेही हातवारे करून सांगितले. तिच्या भाषेतली नावे मुलांनी वहीत उतरवून घेतली. त्या दिवसापासून ती बोलते. तो शेरा मी खोडला.

धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या शाळांत अशी मुले वर्गभर बसलेली आहेत. मोह कधी वेचायचा, चारोळी कशी फोडायची हे ज्यांना येते त्यांना आपण निसर्गाची ओळख म्हणून छापील चित्रे दाखवतो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात गावाने जंगल राखले, तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते, आयाबाया शिजवून आणतात. त्या कामासाठी तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. आमची पर्यावरणाची प्रशिक्षणे सभागृहात पडद्यावर होतात. ती एक दिवस बारीपाड्यात घ्या. पांझरा नदीकाठच्या शिक्षकांना फड बागायत दाखवा. शेकडो वर्षे बंधाऱ्याचे पाणी गावांनी आपसांत वाटून घेतले, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाळी मोडायची नाही, पाट सांभाळायला पाटकरी. पाणी वाटून वापरणे म्हणजे काय, हे याहून चांगले कोण शिकवील?

आणि शहाद्याच्या मुलांना रानपिंगळ्याची गोष्ट कुणी सांगितली आहे का? मी माझ्या वर्गात सांगते तेव्हा पाच वेळा सांगावी लागते. हे लहानसे घुबड १८७३ साली शास्त्राच्या पुस्तकात आले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुनाच कुणाला मिळाला नाही. मधल्या काळातली एक नोंद होती, ती तपासात खोटी निघाली. एका नामांकित इंग्रज संग्राहकाने जुना नमुना चोरून नवी चिठ्ठी लावली होती. पक्षी नामशेष झाला असेच बहुतेकांनी धरले. पामेला रासमुसेन या अमेरिकी अभ्यासक दोन सहकाऱ्यांबरोबर तो शोधत आल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तो त्यांना दिसला. कुठे? आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. तब्बल ११३ वर्षांनी. मुख्य म्हणजे हा पिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो, लपून बसलेला नव्हता. तिथल्या लोकांना तो दिसतही असेल, त्यांना कुणी विचारले नाही. आज यावल अभयारण्यातही त्याची नोंद आहे, म्हणजे आमच्या ओट्यावरून जे डोंगर दिसतात तिथे तो असू शकतो. ही गोष्ट ऐकल्यापासून माझ्या वर्गातला एक मुलगा घुबडाला दगड मारत नाही. आधी मारायचा, कारण घरात ते अशुभ मानतात. उंदीर कोण खातो, हे त्याने आता आजोबांना सांगितले आहे, माझ्या सांगण्याशिवाय.

आता आपण जो प्रश्न विचाराल तो. साप निघाला तर? मूल पाण्यात गेले तर?

ही भीती खरी आहे. मलाही ती दर शनिवारी वाटते. म्हणून आम्ही पाण्यात उतरत नाही, विहीर कठड्याची असेल तरच जवळ जातो, प्रत्येक फेरीत माझ्याशिवाय दोन मोठी माणसे असतात, बहुधा आया, आणि मुलांच्या पायांत चप्पल नव्हे, बूट असतात. नसतील त्यांच्यासाठी गावाने दिले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मुलांना चित्रावरून ओळखता येतात. चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता सरळ दवाखाना गाठायचा, कारण या चारांवर चालणारी लस तिथे असते, हे त्यांना पाठ आहे. ही मुले शाळा सुटल्यावर आईबरोबर कापूस वेचायला त्याच वावरात जातात, तिथे त्यांच्याबरोबर शिक्षक नसतो. तेव्हा हे ज्ञान वर्गाच्या सुरक्षिततेसाठी जितके, त्याहून जास्त त्यांच्या रोजच्या जिवासाठी आहे.

तरीही मध्यंतरी एकदा, अशाच एका फेरीच्या वेळी अधिकाऱ्यांची शाळाभेट झाली, वर्ग रिकामा दिसला आणि माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. मी तो दिला. त्यात पान, फूल, विहीर असे काही लिहिता आले नाही, 'विद्यार्थी क्षेत्रभेटीस गेले होते' इतकेच लिहिले. पुढचे आठ महिने आम्ही बाहेर गेलो नाही. त्या आठ महिन्यांचे मला अजून वाईट वाटते, कारण त्या वर्षीची चौथी तशीच पुढे गेली.

म्हणून मागणे. शनिवारची शाळा सकाळची असते. तिन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात शनिवारी एक तास शिवारफेरी म्हणून छापून द्या. सहल म्हणून नको, अभ्यासाचा तास म्हणून. त्या तासाला मुले वर्गात दिसली तर कारण विचारा. परवानगीचा एक साधा नमुना वर्षातून एकदा पालकांकडून आणि व्यवस्थापन समितीकडून भरून घ्या, दर वेळी नको. फोटो मागू नका. मोबाईल काढला की मुले पाखराकडे पाठ करून उभी राहतात, हे मी अनेकदा पाहिले. त्याऐवजी मुलांच्या वह्या पाहा. निपुण भारत अभियानाचे वाचन-लेखनाचे उद्दिष्ट आमच्यावर आहेच, आणि मी अनुभवाने सांगते की जी मुले फळ्यावरची तीन वाक्ये उतरवायला कंटाळतात ती खोप्याबद्दल पानभर लिहितात. चुका असतात. काही शब्द अहिराणी असतात, ते मी खोडत नाही. घरातल्या नावाशेजारी पुस्तकातले नाव लिहिले की मुलाला दोन्ही राहतात.

दुसरे मागणे झाडांच्या वहीचे. मुख्याध्यापक बदलून गेले की चार्ज देताना जडवस्तूंची नोंदवही होते. खुर्च्या किती, सतरंज्या किती, घंटा एक, सगळे मोजून सह्या होतात. झाडे त्यात नसतात. मी ज्या शाळेतून बदलून आले तिथे आम्ही जगवलेला करंज नव्या बांधकामाच्या वेळी एका दुपारी गेला. कुणाचा वाईट हेतू नव्हता, तो कुणी राखला आहे हे सांगणारा कागदच नव्हता. प्रत्येक शाळेत झाडांची वही असावी. कोणते झाड, कोणत्या साली, कोणत्या वर्गाने लावले, आणि दर मे महिन्यात त्याची अवस्था. चार्जच्या यादीत ती वही असावी आणि तिच्यावर सही असावी. नवीन रोपे शाळेला देण्याआधी मागच्या वर्षीची किती उभी आहेत ते याच वहीतून पाहिले जावे. ज्या शाळेची दोनच जगली असतील तिला दोष देऊ नका, पाणी नाही का विचारा, आणि तिला त्या वर्षी रोपांऐवजी मडकी द्या.

आपल्यापैकी बरेच जण खान्देशातल्याच खेड्यांतून, अशाच शाळांतून शिकून वर गेलेले आहेत. आपल्याला बोरे, चिंचा, नदीवरचे डोह कुणी अभ्यासक्रमातून शिकवले नव्हते. तेव्हा ते आपोआप मिळत होते. आता नदीत जानेवारीनंतर पाणी नसते, बांधावरची बोर तुटली आहे, आणि मूल शाळेतून घरी येऊन मोबाईल घेते. जे आपोआप मिळायचे ते आता कुणीतरी तास लावून द्यावे लागणार आहे, आणि तो तास लावण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

येत्या मे महिन्यात आमच्याकडे या. शाळा बंद असेल, मी कदाचित माहेरी असेन, तरी चालेल. फाटकाची किल्ली आणि झाडांची वही शेजारच्या पहिल्या घरी ठेवलेली असते. फाटकापासून तिसरे झाड उंबराचे आहे, आता माझ्या खांद्याला लागते. त्याच्या बुडाशी मडके पुरले आहे. झाकण काढून पाहा, आणि पाणी तळाला गेले असेल तर त्याच घरी हंडा मागा. देतील.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव